अपयशाचा खर्च कोणाच्या खात्यावर?

१० जानेवारी २०१५ रोजी स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ रॉकेटचा खालचा टप्पा अटलांटिक महासागरातल्या तराफ्यावर उतरायला आला आणि आदळून फुटला. दिशा सावरणारे जाळीदार पंख ज्या हायड्रॉलिक तेलावर हलतात, ते ऐन उतरताना संपलं होतं. एप्रिलमध्ये इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारी झडप वेळेवर हलली नाही आणि टप्पा कलंडला. अखेर २१ डिसेंबरच्या रात्री, फ्लोरिडातल्या केप कनॅव्हरल इथे, तसाच एक टप्पा जमिनीवर ताठ उभा उतरला.

ही जिद्दीची कहाणी आहेच. पण तिच्यातली शहाणपणाची बाजू मला अधिक मोलाची वाटते. जानेवारी आणि एप्रिलच्या उड्डाणांत टप्पा तराफ्यावर कोसळला, तरी अवकाश स्थानकाकडे निघालेलं नासाचं सामान सुखरूप पोहोचलं. ठरलेलं काम संपल्यावर, एरवी समुद्रातच बुडाला असता अशा टप्प्यावर स्पेसएक्सने हा प्रयोग केला. तराफ्यावर माणूस नव्हता. मोडलं ते कंपनीचं, आणि शिकली तीही कंपनीच.

असा प्रयोग उड्डाणातच करावा लागतो, याला कारण आहे. उतरताना शेवटी नऊपैकी एकच इंजिन चालू असतं. ते कमीत कमी जोरावर चालवलं, तरी त्याचा रेटा जवळजवळ रिकाम्या झालेल्या टप्प्याच्या वजनाहून जास्त भरतो. त्यामुळे हवेत थांबून अंदाज घ्यायची सोय नाही. पाय टेकतानाच वेग शून्यावर यायला हवा. आधी आला तर टप्पा पुन्हा वर चढू लागेल, उशीर झाला तर आदळेल. हे गणित कागदावर सुटतं. झडप किती अडते, हे मात्र आकाशातच कळतं.

मार्च २०१७मध्ये एकदा वापरलेला टप्पा पुन्हा उडाला. आता काही टप्प्यांनी तिसाहून अधिक फेऱ्या केल्या आहेत. यात पैसा वाचतो, हे उघड आहे. त्याहून मोठा लाभ असा, की उडून आलेलं यंत्र डोळ्यांनी तपासता येतं. काय जळलं, काय झिजलं, कुठे भेग पडली, याचा पुरावा हाती राहतो.

पण नुसता पुरावा पुरत नाही. स्पेस शटलची घन इंधनाची बूस्टर रॉकेटंही समुद्रातून परत आणली जात. त्यांच्या जोडांतली रबरी कडी जळत असल्याच्या खुणा चॅलेंजर शटलच्या दुर्घटनेआधीच अभियंत्यांनी पाहिल्या होत्या. तरी जानेवारी १९८६मध्ये उड्डाण झालं आणि सात जीव गेले. शटलने १९८१च्या पहिल्याच कक्षीय उड्डाणात माणसं नेली आणि पुढे ते नियमित वाहतुकीचं साधन म्हणूनच मिरवलं गेलं. जिथे चुकायला जागाच ठेवलेली नसते, तिथे चूक दिसूनही कबूल करणं जड जातं.

म्हणूनच चुकायला जागा ठेवणारी पद्धत मला पटते. प्रश्न एवढाच, की ती जागा कोणाची? २० एप्रिल २०२३ रोजी टेक्सासच्या बोका चिका किनाऱ्यावरून स्पेसएक्सचंच स्टारशिप रॉकेट उडालं, तेव्हा त्याच्या इंजिनांच्या झोताने तळाचं काँक्रीट उखडलं आणि काही मैलांवरच्या पोर्ट इसाबेल गावावर धूळ पडली. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने ६३ सुधारणा करायला सांगितल्या. तळाखाली पाण्याचे फवारे सोडणारी पोलादी रचना आली आणि नोव्हेंबरच्या उड्डाणात तळ शाबूत राहिला. सक्तीच्या त्या थांब्याने विज्ञानाचं काही बिघडलं नाही. पुढे ऑक्टोबर २०२४मध्ये परतणारं बूस्टर मनोऱ्याच्या यांत्रिक हातांनी हवेतच झेललं. पण जानेवारी २०२५मध्ये यान वर फुटलं, त्याचे तुकडे टर्क्स अँड केकॉस बेटांच्या परिसरात पडले आणि प्रवासी विमानांना वाट बदलावी लागली. मार्चमध्ये पुन्हा तोच प्रकार. त्या विमानांतले प्रवासी या प्रयोगात सामील व्हायला तयार आहेत का, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

तराफ्यावरचा स्फोट आणि बेटांवर पडलेले तुकडे, दोन्हींना आपण ‘चाचणीतलं अपयश’ म्हणतो. माझ्या लेखी ते एक नव्हे. आपलं यंत्र मोडून शिकणं हे धाडस. दुसऱ्याच्या डोक्यावर जोखीम टाकून शिकणं ही उधारी, आणि उधारीचा हिशेब मागायलाच हवा.

भारतानेही २०२०पासून हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं आहे. १९७२च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशयानामुळे परदेशी भूमीवर झालेल्या नुकसानीची जबाबदारी उड्डाण करणाऱ्या राष्ट्रावर येते. रॉकेट कंपनीचं असलं तरी. म्हणजे अशा प्रत्येक चाचणीत आपण नागरिक आधीच जामीन राहिलेलो असतो. काय फसू शकतं, तुकडे कुठे पडतील आणि भरपाई कोण देईल, हे उड्डाणाआधी विचारण्याचा हक्क त्या जामिनातूनच आपल्याला मिळतो. आपल्या तरुण अभियंत्यांनी बेधडक चुकावं असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच हा हक्क आपण बजावला पाहिजे.