दैव पाचवं

मी गोविंदा पथकात तळाच्या थराला उभा राहतो. सराव सुरू झाला की कुणीतरी म्हणतंच, "व्हायचं असेल ते हेल्मेट घालूनही होणार. वर देव बसलाय ना!" लोकांना हे वाक्य श्रद्धेचं वाटतं. मला ते पटत नाही.

सगळं ठरलेलंच असेल, तर गुरुपौर्णिमेपासून रात्री जागून सराव कशाला? खांद्यावर पाय नेमका कुठे ठेवायचा, हे पोरांना पुन्हापुन्हा का शिकवायचं? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव पाचवं. खाली अंथरलेली गादी मी अधिष्ठानात धरतो. हेल्मेट आणि कमरेचा दोर करणात. आधीची चार अर्धवट सोडून पाचव्यावर भार टाकणं हा मला देवाचा अपमान वाटतो.

हेल्मेटनं कवटी वाचते, पण आतला मेंदू हादरायचा तो हादरतोच. हादरा बसलेला पोरगा बेशुद्ध पडेलच असं नाही. तो उठतो, कपडे झटकतो, "काय नाय झालं" म्हणतो. मग डोकं जड होतं, मळमळतं, तोच प्रश्न तो परत परत विचारतो. सीटी स्कॅनमध्ये काही दिसत नाही, असंही होतं. अशात दुसरा मार बसला, तर कोवळ्या वयात मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. म्हणून नुसती शंका आली तरी त्या दिवशी त्यानं चढायचं नाही, आणि नंतरही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. पुढच्या नाक्यावरची सलामी राहिली तर राहू दे.

तो स्वतः चढायला तयार असतो, हे खरं. पण भोवळ आलेल्याचा होकार कसा धरायचा? उपास ज्याचा त्यानं करावा, नवस ज्याचा त्यानं फेडावा. दुसऱ्याच्या पोराचं डोकं पणाला लावून कुठलं पुण्य मिळतं? 14 वर्षांखालच्यांना थरात घेणार नाही, असं राज्य सरकारनं 2017 मध्ये उच्च न्यायालयाला सांगितलं. पंधराव्या वर्षीचा मेंदू काही पोलादाचा होत नाही.

स्पेनमधल्या कॅटलोनियातही माणसांचे मनोरे रचतात. 2006 मध्ये तिथं मनोरा कोसळून एक मुलगी दगावली, आणि वर चढणाऱ्या मुलांच्या डोक्यावर हेल्मेट सर्रास आलं. परंपरा तशीच चालू आहे. आणि आपला देव तर गोकुळावर पाऊस कोसळू नये म्हणून गोवर्धन उचलून धरणारा!

यंदा मी पथकाकडे एकच मागणं केलंय. पडलेल्याला बसवायचं की चढवायचं, हे थर लावणाऱ्यानं ठरवू नये. ते बाजूला उभ्या असलेल्या, बक्षिसात वाटा नसलेल्या माणसानं ठरवावं, आणि त्याच्या शब्दावर कुणी वाद घालू नये.