हालचालींची लिपी आणि हेतूचा प्रश्न

शरीराच्या हालचाली लिहून ठेवता येतात काय, हा प्रश्न वरकरणी तंत्राचा आहे. रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिपीत हालचालीची दिशा, पातळी आणि कालावधी चिन्हांनी दाखविले जातात. नोआ एश्कोल आणि अवराहम वाखमन यांच्या १९५८ च्या पद्धतीत अवयवांची गती अंशांत मोजली जाते. परंतु नेल्सन गुडमन यांच्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथातील विवेचन लक्षात घेता, अशा लिपीचे कार्य नोंदीइतकेच निवडीचेही असते. कृतीचे कोणते अंग आवश्यक मानावयाचे आणि कोणते प्रासंगिक, हे ती ठरविते. निवडीबरोबर तिच्या समर्थनाची जबाबदारी येते आणि तेथे हा प्रश्न नीतीचा होतो.

मराठीला हा प्रश्न नवा नाही. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ या संहितेत नृत्यनिरूपणांचे साहित्य, तालाचे बोल आणि त्यांवर करावयाच्या अडवूंचे निर्देश मराठीत लिहिलेले आहेत. विसाव्या शतकात आचार्य पार्वतीकुमार यांनी मुंबईत या निरूपणांना पुन्हा रंगमंचावर आणले, ही या लेखनाच्या सामर्थ्याची साक्षच होय. तथापि संहितेत अडवूचा निर्देश मिळाला, तरी तो अंगात कसा उतरवावा हे गुरूकडूनच कळते. संहितेच्या या मौनात एक गृहीत शरीर आहे : शिकलेले, धडधाकट, दहाही बोटे इच्छेनुसार वळविणारे.

हे गृहीतक किती निर्णायक आहे, हे एका बोटावरून तपासता येते. पताक हस्तातील अनामिका वाकविली की त्रिपताक हस्त होतो. मुकुट, वृक्ष, दीप, केवड्याचे फूल हे त्याचे ‘अभिनयदर्पणा’तील काही विनियोग. आता पनवेलजवळील नेरे येथील शांतिवनाचा विचार करावा. कुष्ठरोग निवारण समितीची ही संस्था ज्यांच्यासाठी उभी राहिली, त्यांचा रोग आज औषधांनी बरा होतो. मात्र कोपरामागून जाणाऱ्या अल्नर नसेची इजा मागे उरल्यास अनामिका आणि करंगळी पेरांत वाकून राहतात. भौतिकोपचाराच्या तक्त्यात अशा बोटाच्या सांध्याचा कोन अंशांत आणि स्नायूचे बळ शून्य ते पाच या श्रेणींत लिहिले जाते. तोही हालचालींच्या लिपीचाच एक प्रकार आहे. वाकलेली अनामिका एका लिपीत केवडा ठरते, तर दुसरीत न्यून.

यावर असे म्हटले जाईल की नर्तकीने बोट वाकविले आहे, रुग्णाचे ते वाकले आहे. तेव्हा भेद योग्यच होय. माणूस हात उचलतो यातून हात वर जाणे वजा केले तर काय उरते, असा प्रश्न विट्गेनस्टाइन यांनी उपस्थित केला होता. त्या शेषालाच हेतू म्हणावे, तर तो नर्तकीपाशी आहे आणि रुग्णापाशी नाही, असा हा युक्तिवाद आहे. पण तो बोटापाशीच थांबतो. संवेदना गेलेल्या हाताने खुरपे धरणाऱ्यास पकड किती घट्ट आहे हे स्पर्शाने कळत नाही. ते त्याला डोळ्यांनी पाहून ठरवावे लागते. बोटाचे वाकणे त्याच्या हेतूत नाही, परंतु त्या बोटासह साधलेली पकड संपूर्णपणे त्याच्या हेतूची आहे. तक्ता कोन लिहितो आणि ही पकड वगळतो; डोळ्याने केलेले काम हाताच्या रकान्यात मावत नाही.

तक्त्याची बाजूही मांडली पाहिजे. त्याच्या अभावी नसेची ढासळती अवस्था वेळीच ध्यानात येणार नाही, स्नायुबंध जोडण्याची शस्त्रक्रिया कोणावर करावी हे ठरविणे अवघड होईल. प्रमाण हाताची कल्पना येथे रुग्णाच्या हिताचीच आहे. आक्षेप मोजमापाला नाही. एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर म्हणून घेतलेले माप त्या हाताचे संपूर्ण वर्णन मानले जाते, याला आहे.

विम्सॅट आणि बीअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये कवीचा हेतू हा कवितेच्या मूल्यमापनाचा निकष नव्हे असे प्रतिपादिले. कवितेच्या संदर्भात ही भूमिका टिकू शकते. भाषा सर्वांची असल्याने शब्द कवीवाचूनही अर्थ वाहतात. वाकलेले बोट मात्र ते कोणाचे आणि कोणत्या कामात गुंतलेले आहे हे कळल्याखेरीज धड वाचताच येत नाही. म्हणून हालचाल लिहिणाऱ्याने ती करणाऱ्याला ‘तुम्ही काय करीत आहात?’ असे विचारणे, आणि त्या उत्तराला नोंदीत जागा देणे, हे त्याचे कर्तव्य ठरते. सरफोजींच्या संहितेची रिकामी जागा भरण्यासाठी गुरू होता. तक्त्यासमोर तर उत्तर देणारा माणूस स्वतःच बसलेला असतो.