न हललेल्या हाताचा यत्न

घनसावंगी तालुक्यात कुणाला पक्षाघात झाला, की ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. रुग्ण काही दिवस संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात काढून घरी येतो. हळूहळू पाय टेकू लागतो, काठीच्या आधारानं माणूस ओसरीपर्यंत येतो. पण हाताची मूठ आवळलेलीच राहते. कापूस वेचायचा, विळा धरायचा, भाकरीचा तुकडा मोडायचा, तर आधी ती मूठ उघडायला हवी. महिने उलटतात आणि एक दिवस घरातलंच कुणीतरी म्हणतं, “ते मनावरच घेत नाहीत.”

हात हलला नाही म्हणजे प्रयत्नच झाला नाही, असं हे वाक्य गृहीत धरतं. ते तपासायला हवं.

याच तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 सालच्या रामनवमीला ते इथं जन्मले. त्यांनी यत्नाला देवाच्या जागी बसवलं आणि नशिबाला बोल लावत बसणाऱ्याला करंटा ठरवलं. या मातीत ही शिकवण खोल मुरलेली आहे. धडधाकट माणसाला ती उभं करते. पण ज्याची बोटंच त्याचं ऐकत नाहीत, त्याच्यावर तीच शिकवण आरोप होऊन कोसळते. फळ दिसलं नाही, म्हणून यत्न नव्हता असं म्हणायचं का?

न्याय-वैशेषिक दर्शनांनी या ठिकाणी फार बारीक विचार करून ठेवला आहे. त्यांच्या मते ज्ञानातून इच्छा, इच्छेतून प्रयत्न आणि प्रयत्नातून चेष्टा, म्हणजे शरीराची हालचाल घडते. चेष्टा शरीराची, प्रयत्न मात्र आत्म्याचा गुण. गौतमाच्या न्यायसूत्रांत आत्मा ओळखण्याच्या सहा खुणा सांगितल्या आहेत: इच्छा, द्वेष, प्रयत्न, सुख, दुःख आणि ज्ञान. त्यांत प्रयत्न आहे, हालचाल नाही. पक्षाघात घाव घालतो तो नेमका या दोहोंच्या मध्ये. मेंदूतून मज्जारज्जूकडे उतरणाऱ्या तंतूंना इजा होते, निरोप वाटेतच विरतो. माणूस आतून बोटं उघडत असतो आणि समोर बसलेल्याला फक्त मिटलेली मूठ दिसते.

हातावर चढवायच्या पुनर्वसन-यंत्रांमुळे हा शास्त्रार्थ आज दवाखान्यात येऊन पोचला आहे. हालचाल घडवण्याइतका जोर नसला तरी स्नायूत कधीकधी क्षीण विद्युत-संकेत उमटतो. दिल्लीच्या एम्स आणि आयआयटीतील संशोधकांनी मनगट-बोटांना बाहेरून धरणारा यांत्रिक सांगाडा तयार केला. त्याच्या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. बोटं उघडणाऱ्या स्नायूतला संकेत ठरावीक पातळीला पोचला, की मगच त्याची मोटर फिरते. रुग्णानं मनावर घेतल्याशिवाय यंत्र हलत नाही. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळालेलं ‘इप्सीहँड’ आणखी मागे जातं: मेंदूच्या धडधाकट बाजूचे संकेत डोक्यावरून टिपून ते मूठ उघडतं.

यंत्रानं असं थांबायचं कशाला? सरळ बोटं ओढून उघडावीत की! पण 2003 मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात, मनगट स्वतः हलवणाऱ्यांच्या मेंदूत जो बदल दिसला, तेवढा नुसतं हलवून घेणाऱ्यांच्या मेंदूत दिसला नाही. शिवाय सगळं काम यंत्रच करू लागलं, की माणूस नकळत आपला जोर सैल सोडतो. म्हणून चांगलं यंत्र लागेल तेवढंच साहाय्य करतं.

मग मूठ उघडली कुणी? गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना चेष्टा आणि दैव. एकट्या स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला तिथं नीट दिसत नाही असं म्हटलं आहे. हातावर चढवलेलं यंत्र हे करण, म्हणजे साधन. विळा आपण हाती धरतो; इथं अवजारच हाताला धरतं, एवढाच फरक. आणि पाचवं कारण विसरून चालत नाही. किती तंतू शाबूत राहिले, हे ना रुग्णाच्या हाती असतं ना डॉक्टरच्या. ब्रिटनमध्ये 770 रुग्णांवर झालेल्या ‘रॅटल्स’ चाचणीत, 2019 साली, रोबोच्या मदतीनं दिलेला सराव नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताच्या कामात सरस ठरला नाही. तेव्हा यंत्रालाही देव करू नये.

तरी या यंत्रांनी एक मोठं काम केलं आहे. न हललेल्या हातातला यत्न पडद्यावर रेघ होऊन उमटला. ती रेघ पाहिल्यावर ‘मनावरच घेत नाहीत’ हे वाक्य कुणाच्या तोंडून निघू नये. रेघ उमटलीच नाही, तरी न्यायदर्शनाच्या भाषेत प्रयत्न नव्हता असं सिद्ध होत नाही. स्नायूपर्यंत पोचला नाही, इतकंच कळतं. समर्थांच्या यत्नाचा अर्थही असाच लावावा लागेल, नाहीतर त्यांच्याच तालुक्यातल्या आजारी माणसावर अन्याय होईल.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं आणि मद्रास आयआयटीनं हाताच्या सरावासाठी टेबलावर मावणारं ‘प्लूटो’ हे यंत्र बनवलं आहे. अशी उपकरणं तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत यायला हवीत. त्यासाठी मागणी इथूनच उठली पाहिजे. तोवर घरच्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारून रोज थोडा वेळ ती मूठ आपल्या हातात घ्यावी, ‘उघडा’ म्हणावं, आणि आपण बोटं सरळ करण्याआधी थोडं थांबावं.