आईने दिलेला होकार

ऑक्सफर्डच्या लस चाचण्यांत धडधाकट माणसे आपणहून हात पुढे करतात आणि हिवतापाचे परजीवी पोसलेल्या डासांना चावू देतात. आधी घेतलेली लस कितपत टिकाव धरते, ते पाहायचे असते. रक्तात परजीवी दिसताच औषध सुरू होते. दधीचींनी अस्थी दिल्या त्या देवांनी मागितल्यावर, समजून-उमजून. या स्वयंसेवकांचे देणेही त्याच जातीचे. पण ज्या बाळाला विचारताच येत नाही, त्याचे काय?

हा प्रश्न कसा उभा राहतो, ते एका लशीवरून दिसते. एड्रियन हिल यांच्या ऑक्सफर्डमधील गटाने दोन जातींच्या लशींची जोडी जमवली. पहिला डोस चिंपांझीच्या अडेनोव्हायरसवर बेतलेला, दुसरा एमव्हीए या दुबळ्या केलेल्या विषाणूवर. दोन्हींतून हिवतापाच्या परजीवीच्या त्याच प्रथिनांची जनुके शरीरात जातात, वाहक तेवढा बदलतो. तोच वाहक पुन्हा दिला तर शरीर त्यालाच ओळखून अडवते. वाहक बदलला की यकृतातल्या बाधित पेशी मारणाऱ्या टी पेशी जोमाने वाढतात.

केनियातल्या किलिफीत प्रौढ पुरुषांना या जोडीने संसर्गापासून सुमारे ६७ टक्के संरक्षण दिले; २०१५ मध्ये तो निकाल प्रसिद्ध झाला. पुढे बुर्किना फासोत ५ ते १७ महिन्यांच्या बाळांवर चाचणी झाली. तिथे लक्षणीय संरक्षण मिळाले नाही.

म्हणजे मोठ्यांवर थांबून चालत नाही. हिवतापाने मरणाऱ्यांत बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुले असतात.

बाळाच्या वतीने आई होकार देते. दवाखाना दूर, हाती पैसा नाही आणि चाचणीत मात्र नियमित तपासणी मिळते. अशा वेळी तो होकार कितपत मोकळा? माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, असे तत्त्वज्ञ कांट सांगतो. बुर्किना फासोतल्याच नानोरो इथे हिवतापावरच्या आर-२१ या दुसऱ्या लशीच्या चाचणीत तुलनेसाठी घेतलेल्या बाळांना रेबीजची लस दिली गेली. त्यांच्याही पदरी काही पडावे, ही त्यामागची दृष्टी. मात्र तेवढ्याने देणे फिटत नाही. ज्या समाजावर संशोधन होते त्याला त्याचे फळ मिळावे, अशी अपेक्षा वैद्यकीय संशोधनाच्या नीतीविषयीच्या हेलसिंकी जाहीरनाम्यातही आहे.

आर-२१ आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. चाचणीत बाळे दिलेल्या गावांना ती परवडणाऱ्या दरात आणि अखंड मिळत राहिली, तरच आईचा होकार घेणे रास्त ठरते.