शाळेचा वाफा आणि परदेशचा सोबती

वाचकहो, इंग्लंडांतील एका शाळेच्या अंगणांत मुलांनीं घेवडा पेरला आहे, आणि केनिया देशांत माचाकोसच्या डोंगरउतारावरील एका शाळेंतहि तोच पेरला आहे, असें आपण क्षणभर धरूं. मोड केव्हां आला, पानें कोणत्या किडीनें खाल्लीं, पाणी कोठून आणावें लागलें, हें दोन्हीकडील मुलें एकमेकांस लिहून कळवितात. असा उद्योग प्रत्यक्षांत झालेला आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यांत चिनी मातीच्या एका जुन्या खाणींत ईडन प्रॉजेक्ट नांवाची मोठी बाग २००१ सालीं लोकांस खुली झाली. त्या खड्ड्यांत पिकाजोगी माती मुळींच नव्हती. खाणींतील टाकाऊ गाळ व कुजविलेला पालापाचोळा एकत्र करून ती बनवावी लागली. ज्यांना आधीं मातीच तयार करावी लागली, त्यांच्याच मनांत पुढें इंग्लंड, केनिया व हिंदुस्थान येथील शाळा भाजीच्या वाफ्यांनीं जोडण्याचें आलें, आणि ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत ‘गार्डन्स फॉर लाइफ’ ह्या नांवानें तें काम चाललें.

काम चांगलें, ह्याविषयीं आमचा वाद नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. संपन्न देशांतील मूल व गरीब देशांतील मूल ह्यांची अशी मैत्री बरोबरीची होऊं शकते काय? कीं एकानें द्यावें व दुसऱ्यानें हात पसरावा, हेंच जुनें नातें येथें नवा अंगरखा घालून उभें राहतें?

आधीं केनियांतील बापाचें म्हणणें ऐकूं. ‘कुदळ माझ्या घरीं आहेच, ती शिकावयास पोराला शाळेंत कशाला धाडूं?’ असें तो म्हणाला, तर त्याला अडाणी म्हणून उडवून लावूं नये. त्याच्या बोलण्यामागें इतिहास आहे. १९२४ सालीं अमेरिकेंतील फेल्प्स-स्टोक्स फंडाचें एक मंडळ पूर्व आफ्रिकेंत शाळा पाहत हिंडलें. शाळांनीं शेती, आरोग्य व हातकाम ह्यांवर भर द्यावा, असा त्याचा सल्ला पडला. सल्ला देणारे दुष्ट नव्हते. परंतु त्याच काळीं केनियांतील डोंगराळ प्रदेशाची उत्तम जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांसाठीं राखून ठेविलेली होती, आणि कॉफीसारखें पैशाचें पीक लावण्याची आफ्रिकन शेतकऱ्यास मनाई होती. म्हणजे शेती शीक, पण जींत पैसा आहे ती करूं नको! पुढें शाळेंत अपराध करणाऱ्या मुलास शिक्षा म्हणून मळ्यांत खणावयास लावण्याची चालहि पडली. मग कुदळीला मान कोठून राहणार? आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या वाडवडिलांनीं दुसऱ्याच्या बांधावर जन्म घालविला, आणि मुलाच्या हातीं पाटी दिली ती हें काम सुटावें म्हणूनच. त्यांना हें दुःख समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडांतील मुलांचा घेवडा गोगलगाईंनीं खाल्ला तर तीं हळहळतील, पण दुपारचें जेवण चुकणार नाहीं. ज्या शाळेच्या मळ्यांतील भाजी मुलांच्याच ताटांत पडते, तेथें पीक बुडालें तर ताट रिकामें. तेव्हां ‘आपण सारीं सारखींच’ असें पत्रांत लिहिणें गोड असलें तरी खरें नव्हे. बरोबरीची मैत्री हवी असेल तर हा फरक आधीं बोलून दाखविला पाहिजे.

मग बरोबरी ती कशांत? आमच्या मतें शिकण्यांत. माचाकोसकडे उतारावरील जमिनीस बांध घालण्याची एक रीत आहे, तिला स्वाहिली भाषेंत ‘फान्या जू’ म्हणतात. म्हणजे ‘वर कर’. उताराला आडवा चर खणावयाचा, आणि त्यांतील माती खालच्या अंगास न टाकतां वरच्या अंगास टाकावयाची. ह्यांत मेहनत दुप्पट, कारण माती चढाला फेंकावी लागते. पण पावसानें वाहून येणारी माती त्या बांधाशीं अडते, आणि पावसामागून पाऊस असें होत होत उताराची सपाट ताल बनते. बांधावर गवत लावलें म्हणजे गुरांस वैरणहि होते. पुन्हां तिकडे जमीन नसलेले लोक गोणींत माती भरून, मधोमध पाणी झिरपण्यास दगडांचा खांब रचून, गोणीच्या अंगास भोंकें पाडतात व त्यांत सुकुमा विकी नांवाची पालेभाजी लावतात. ह्या नांवाचा अर्थच ‘आठवडा ढकल’ असा आहे! इंग्लंडच्या शहरांतील फरसबंद अंगणाच्या शाळेस गोणीचा हा मळा शिकण्याजोगा नाहीं काय? तेथील मुलांनीं तो पत्रावरून करून पाहिला, चुकला म्हणून पुन्हां विचारलें, तर त्या दिवशीं केनियांतील मूल गुरु झालें. असा दिवस जर कधींच येत नसेल, तर त्या जोडणीला मैत्री हें नांव देऊं नये.

पैशाविषयीं थोडें. पाण्याची टांकी, कुंपण, अवजारें ह्यांस पैसा लागतो, आणि ज्याच्यापाशीं आहे त्यानें तो द्यावा. मात्र तो मुलांच्या पत्रांतून जाऊं नये. दोन्हीकडील मोठ्या माणसांनीं उघड्या हिशेबानें तो द्यावा व घ्यावा. एकदां मुलाला कळलें कीं करुण पत्र लिहिलें म्हणजे टांकी येते, तर तें गोगलगाईंविषयीं लिहिण्याचें सोडील. जातां जातां हेंहि सांगतों कीं बीं पाकिटांत घालून परदेशीं धाडूं नये. त्याबरोबर रोग व कीड जाते, म्हणून सरकारी दाखल्याची अट असते. शेतीचें ज्ञान मात्र दाखल्यावांचून जातें.

आतां पुन्हां घेवड्याकडे वळूं. केनियांतील शेतकरी परदेशी विक्रीसाठीं कोंवळ्या शेंगा पिकवितात, आणि त्या नैरोबीहून विमानानें इंग्लंडच्या दुकानांत जातात. तेथें त्या सरळ व ठराविक मापाच्या लागतात. वांकड्या कित्येकदां नाकारल्या जातात, आणि श्रम तेवढेच पडूनहि त्यांचे दाम शेतकऱ्यास मिळत नाहींत. हें इंग्लंडांतील मुलास पूर्वीं कळण्याचें कारण नव्हतें. पण आतां त्यानें स्वतः घेवडा लाविला आहे. आपल्या वेलावर वांकडी शेंग धरते, आणि शिजल्यावर ती सरळ शेंगेसारखीच लागते, हें त्यास ठाऊक झालें आहे. तें आईबरोबर दुकानांत जाईल, काड्यांसारख्या सरळ शेंगांची रास पाहील, आणि विचारील कीं माझ्या सोबत्याच्या बापाच्या वांकड्या शेंगा कोठें गेल्या? हा प्रश्न त्यानें पुढच्या पत्रांत घालून माचाकोसलाहि धाडावा. तेथील बापाला त्याचें उत्तर पुष्कळ दिवसांपासून ठाऊक आहे.