स्वबोध आणि उसने बोल

ज्या वस्तूला धनीच नाही ती उचलली, तर चोरी होते काय? हा प्रश्न मला कोणा शास्त्र्याने नव्हे, भाचीच्या मुलाने घातला. पोरगा पुण्यास महाविद्यालयात शिकतो. आषाढीपूर्वी घरी आला होता. अर्थशास्त्राचा बारा पानांचा लेख त्याने परीक्षेच्या गुणांसाठी दिला होता, आणि तो चॅटजीपीटीकडून लिहून घेतला होता. म्हणाला, "आजोबा, पुस्तकातून उतरवलं तर लेखकाची चोरी. इथं लेखकच नाही. मग मी चोरलं कुणाचं?"

वाचकहो, प्रश्न पोरकट नाही. मीही लगेच बोललो नाही, टाळ पुसत बसलो.

हे यंत्र ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांपुढे आले. अफाट लेखन त्याच्यापुढे घालून, कोणत्या शब्दामागे कोणता शब्द संभवतो हे त्याला शिकविले आहे. त्या बळावर ते नीटनेटके उत्तर जुळविते. कधी कधी नसलेल्या ग्रंथाचा हवालाही देते, आणि तोही तितक्याच धिटाईने!

पातंजल योगसूत्रात सत्य आणि अस्तेय हे दोन वेगळे यम आहेत. मुलगा अस्तेयाविषयी भांडत होता. खरा प्रश्न सत्याचा होता. तेथे व्यासभाष्याचा भावार्थ असा, की वाणी बोलायची ती आपल्या ठायी झालेला बोध दुसऱ्याच्या ठायी पोचविण्यासाठी. म्हणून ती फसविणारी नसावी, भ्रमाची नसावी, आणि बोध न उपजविणारी वांझही नसावी. आता उत्तरपत्रिका म्हणजे दुसरे काय? 'माझ्या ठायी एवढा बोध झाला' असे गुरूला सांगणेच ना? बोध झालाच नाही आणि कागद मात्र झाला म्हणतो, तर यंत्राचे काही गेले नाही. पण गुरूला खोटे सांगितले. त्याच गुरूच्या सहीच्या भरवशावर उद्या कोणी हिशेब तपासायला बसेल, कोणी औषध द्यायला.

मग यंत्राला शिवूच नये काय? तसे मी म्हणणार नाही. आम्ही कीर्तनकार तर दुसऱ्याच्याच शब्दावर उभे राहतो. अभंग संतांचा, प्रमाण संतांचे. पण नाममुद्रेसकट सांगतो. याउलट पंचविशीत मी एका थोर बुवांचे निरूपण दृष्टांतासकट उचलून, नाव न घेता, एका गावी केले होते. लोक डोलले. रात्री पंगतीत एका म्हाताऱ्या माळकऱ्याने साधीच शंका विचारली, आणि माझा घास हातातच राहिला. निरूपण पाठ होते, शंकेचे उत्तर कोठून पाठ असणार?

गुरूने मोकळीक दिली असेल तेथे न समजलेले यंत्राला खुशाल विचारावे, त्याच्याशी वाद घालावा, आणि कोठे काय घेतले ते लिहून द्यावे. मनाई असेल तेथे मनाई. तिथे शब्दच्छल नको.

गुरुजनांनाही एक सांगणे आहे. लेखन यंत्राचे की माणसाचे हे ओळखणारी साधने निघाली आहेत. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयने स्वतःच असे एक साधन जानेवारी २०२३ मध्ये दिले आणि अचूकता कमी म्हणून जुलैत काढून घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, त्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक या साधनांनी यंत्राचे ठरविले! म्हणजे खेड्यातला, मराठी शाळेतून वर आलेला पोर साधेसुधे इंग्रजी लिहितो, तोच चोर ठरायचा. वाणी भ्रमाची नसावी ही अट आरोप करणाऱ्यालाही आहेच की.

त्यापेक्षा जुनी शलाकापरीक्षा काय वाईट? पोथीत सळई घालायची. जे पान उघडेल त्यावर विद्यार्थ्याने बोलायचे. वर्गात शंभर मुले असली तर कठीण, हे जाणतो. पण पाच-पाच मिनिटे जरी विचारले, तरी पुष्कळ कळते.

लेखाची प्रत मुलाच्या पिशवीतच होती. मी दर्भाची काडी घातली, पान उघडले. "बोल." पहिल्या पानावर बोलला. दुसऱ्यावर चाचरला. तिसऱ्यावर एका शब्दाचा अर्थच सांगता येईना. मी गप्प राहिलो. जरा वेळाने तोच म्हणाला, "आजोबा, सरांना सांगू का? गुण जातील."

"जातील," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी काकडा आटोपून देवळातून आलो, तर पोरगा ओटीवर कोरे कागद घेऊन बसला होता.