परक्या भूमीत गाणं कोणाचं?

आजचं वाचन : स्तोत्रसंहिता 137:1-6, प्रेषितांची कृत्ये 2:1-12



137 वं स्तोत्र बाबेलच्या नदीकाठचं आहे. यरुशलेम उद्ध्वस्त झालंय, लोकांना कैद करून आणलंय, आणि आणणारेच फर्माईश करताहेत की तुमच्या सियोनेचं एखादं गाणं होऊन जाऊ दे! कैद्यांनी वाद्यं झाडांना टांगून ठेवली. अशा ठिकाणी, अशा लोकांसमोर देवाचं गीत ओठांवर यावं तरी कसं?

आम्ही नवराबायको तीन वर्षांपासून घानामध्ये आहोत. आक्राच्या उत्तरेला अकुआपेमचे डोंगर आहेत, तिथल्या एका गावात मंडळीच्या मुलांना संगीत शिकवतो. आम्हाला कोणी कैद करून आणलेलं नाही, पाचारण होतं म्हणून आलो. तरी हे स्तोत्र इथे वाचताना मी अडखळते.

आमचा दिवस अगदी साधा असतो. सकाळी पाणी भरायचं, बाजारातून केंकी आणायची (आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा, पानात गुंडाळून उकडलेला गोळा), शाळा सुटली की कीबोर्डचा वर्ग, संध्याकाळी क्वायर. वीज जाते-येते, त्याला इथे ‘डुमसोर’ म्हणतात. कीबोर्ड मुका झाला की नगरहून आणलेली पेटी बाहेर निघते. डिसेंबरात सहाराकडून हरमॅटनचा कोरडा, धुळीचा वारा येतो, पेटीचं लाकूड सुकतं, आणि हे तिची डागडुजी करत बसतात.

माझी आई नगरला एकटी असते. फोनवर तिचा एक प्रश्न ठरलेला, “अगं, तिकडे त्यांच्याकडे गाणं नाही का, की तुम्हीच जाऊन शिकवताय?” त्यात ‘तू माझ्याजवळ का नाहीस’ हेही असतं, ते मला कळतं. म्हणून या प्रश्नाला हसून टाळता येत नाही.

आई, आहे ना गाणं! भरपूर आहे. इथले क्वायर चार आवाजांत गातात, तेही डो-रे-मीची अक्षरं वाचून. 19 व्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन या पाळकाने ही लिपी रुळवली आणि मिशनऱ्यांनी ती आफ्रिकेत आणली. आपल्या सा-रे-ग-मची चुलत बहीणच म्हणा. त्यामुळे आमचं आणि मुलांचं लवकर जमलं.

पण इथली ट्वी भाषा स्वतःच सुरांवर चालते. ‘पापा’ हा शब्द घ्या. दोन्ही अक्षरं उंच सुरात म्हटली तर अर्थ ‘चांगलं’. पहिलं खाली, दुसरं वर म्हटलं तर ‘वडील’. दोन्ही खाली म्हटली तर ‘पंखा’! आता अशा भाषेवर परकी चाल जशीच्या तशी बसवली तर काय होईल? ओठांवर देवाचे शब्द, पण सूर भलतंच सांगणारा.

हे ज्यांनी ओळखलं ते एफ्राइम आमू (1899-1995). इथूनच जवळ, आक्रोपाँगच्या प्रेस्बिटेरियन ट्रेनिंग कॉलेजात ते शिक्षक होते. बोलण्याचे चढउतार सांभाळून त्यांनी ट्वी आणि एवे भाषांत गीतं रचली. उपासनेत ते आपला देशी पोशाख घालायचे, देशी वाद्यं आणू पाहायचे. चर्चच्या पुढाऱ्यांना ते रुचलं नाही आणि 1933 मध्ये त्यांची नोकरी गेली. आज मात्र देशभरचे क्वायर त्यांची गीतं गातात.

आपल्याला हे नवं नाही. इंग्रजी चालींवरची भाषांतरं गाणाऱ्या मराठी मंडळीला रेव्ह. ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन दिलं. येशू ‘साहेबांचा’ न राहता आपल्या ओसरीवर येऊन बसला.

म्हणून आता स्तोत्राकडे परत बघू. परदेशात सेवा करणारा माणूस स्वतःला सहज त्या कैद्यांच्या जागी ठेवतो. घर सुटलं, माणसं सुटली, आपणच परके. पण शिक्षकाच्या खुर्चीत बसलं की आपण बाबेलवाल्यांच्या जागीही जाऊ शकतो! ‘आमच्यासाठी गा, आम्हाला आवडेल तसं गा.’ फर्माईशीतून कार्यक्रम होतो, स्तवन होत नाही.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्म्याने काय केलं बघा. जमलेल्या परदेश्यांना गालीलची बोली शिकायला लावली नाही. गालीलकरांच्याच तोंडून प्रत्येकाला स्वतःच्या जन्मभाषेत ऐकू आलं. बदल आधी बोलणाऱ्यात झाला. आमचं काम तेवढंच : स्वर द्यायचे, वाचायला शिकवायचं आणि मग कान देऊन थांबायचं, त्यांचं गाणं येईपर्यंत. आईच्या एकटेपणाची किंमत देऊन इथे राहायचं, तर त्याहून कमी कशासाठीही नाही.

तुम्ही पुण्यात असा, मुंबईत असा, रविवारी वर्शिप टीममध्ये गिटार धरत असा. इंग्रजी गाणी जरूर गा. फक्त एकदा मागे वळून बघा, कोणत्या ओळीतले ओठ बंद आहेत? एखादी आजी नुसतीच टाळ्या वाजवतेय का? या आठवड्यात तिच्या शेजारी बसा, तिचं गाणं विचारा, आणि पुढच्या रविवारी ते तिच्याच चालीत वाजवा.

प्रार्थना : प्रभू, आम्हाला शिकवण्याआधी ऐकायला शिकव. ज्यांचं गाणं आमच्या आवाजाखाली दबलंय, त्यांना तुझ्यापुढे मोकळेपणी गाऊ दे. दूर राहिलेल्या आमच्या आईवडिलांजवळ तू राहा. आमेन.